अर्धी शिशी पाणी

मानवजातीची डोकेदुखी मी बरी केली आहे. मित्रांनो, हे वाक्य मी पुष्कळ विचार करून उच्चारले आहे, तरी त्यात थोडी दुरुस्ती करते. मानवजात म्हणजे एक बाई. बरी केली म्हणजे जी महिन्यातून सहा-सात वेळा यायची ती आता फार तर दोनदा येते. आणि मी म्हणजे कपाटाच्या डोक्यावर ठेवलेली एक जुनी काचेची शिशी. माझे बूच हरवले आहे. एवढे सोडले तर वाक्य बरोबर आहे.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. त्याबद्दल फारसे आठवत नाही. खूप गरम होते, एवढेच. एकाच साच्यातून माझ्याबरोबर चारशे बहिणी निघाल्या, त्यामुळे लाड असे कुणाचेच झाले नाहीत. रंग किंचित हिरवट, खांदे उतरते, पाठ सपाट. पाठ सपाट अशासाठी, की तिच्यावर कागद चिकटवता यावा. भुशात निजवून आम्हाला एका दवाखान्यात पाठवण्यात आले आणि तिथे मला माझा माणूस भेटला. तो कंपाउंडर होता.

आताच्या मुलांना कंपाउंडर ठाऊक नसतील. डॉक्टर आतल्या खोलीत बसून चिठ्ठी लिहायचे. ती भिंतीतल्या चौकोनी खिडकीतून बाहेर यायची. कंपाउंडर ती वाचायचे, बरण्यांतली औषधे मापाने मिसळायचे आणि शिशीत ओतायचे. मग कागदाची लांब पट्टी कापून, दुमडून, कात्रीने तिच्या कडेला खाचा पाडायचे आणि ती माझ्या पाठीवर खळीने चिकटवायचे. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत प्यायचे, म्हणजे एक मात्रा. वाचता न येणाऱ्यालाही वाचता यावे असे ते लिखाण होते. औषध बहुतेक वेळा गुलाबी असायचे आणि त्यात साखरच जास्त असायची, पण खाचा मात्र काटेकोर.

डॉक्टरांचे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय शाईत बुडवून तिला घाईने घरी पाठवल्यासारखे होते. कंपाउंडर चिठ्ठी खिडकीच्या उजेडाकडे तिरकी धरायचे, एक डोळा बारीक करायचे आणि वाचून टाकायचे. कधी कधी स्वतः डॉक्टरच खिडकीतून डोके काढून विचारायचे, “अहो, मी हे काय लिहिलंय?” कंपाउंडर सांगायचे आणि डॉक्टर हायसे वाटून आत जायचे. “एकेचाळीस वर्षांत एक चिठ्ठी चुकीची वाचली नाही,” हे वाक्य त्यांनी पुढच्या आयुष्यात इतक्या वेळा ऐकवले, की घरातल्या माणसांनी ते मोजायचे सोडून दिले.

मग प्लॅस्टिक आले. मग डॉक्टर गेले. दवाखान्याच्या जागी मोबाइल दुरुस्तीचे दुकान आले आणि चौकोनी खिडकीतून बिघडलेले फोन आत-बाहेर होऊ लागले. कंपाउंडरांनी निघताना दोन वस्तू घरी आणल्या, एक कात्री आणि एक मी. कात्री शिवणाच्या डब्यात गेली. माझ्यात शर्टाची जादा बटणे भरली गेली. मित्रांनो, एके काळी माझी वाट बघत माणसे रांगेत उभी राहायची. अकरा वर्षे मी बटणे सांभाळली. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. ती शांत होती.

घरात तीन माणसे. कंपाउंडर, त्यांचा मुलगा आणि सून. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि स्वभावानेही तसाच होता: बटण दाबले की यायचा, काम झाले की जायचा. सून दोन गल्ल्या पलीकडच्या छापखान्यात प्रूफे तपासायची. कुठे काना पडला, कुठे वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ झाली, कुठे मात्रा उडाली, हे शोधून लाल पेन्सिलीने खूण करायची. सासऱ्यांनी जन्मभर औषधाची मात्रा सांभाळली होती, ती अक्षरावरची सांभाळायची. दोघांचे एकमेकांशी बोलणे बेताचे होते. पण चूक दिसली की दोघांचाही चेहरा सारखाच व्हायचा.

तिचे डोके दुखायचे. साधे नाही, अर्धे. आधी डाव्या डोळ्यापुढे चमचमती नागमोडी रेघ यायची आणि तिच्या मागे प्रुफातली अक्षरे पोहू लागायची. मग कपाळाच्या डाव्या बाजूला कुणीतरी आतून स्क्रू पिळत बसायचे. उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वास तर त्याहून नको. ती दार लावून अंधारात पडायची आणि दुसऱ्या दिवशी काही झालेच नाही अशा चेहऱ्याने कामावर जायची.

डोकेदुखीवर उपाय माहीत नाही असा माणूस मी पाहिलेला नाही. शेजारीण म्हणाली, लवंगेचे तेल लाव. तिची बहीण म्हणाली, लवंगेचे मुळीच लावू नको, पुदिन्याचे लाव. मुलगा म्हणाला, अनवाणी चाल. छापखान्यातला बाइंडर म्हणाला, “घट्ट आवळून पट्टी बांधा ताई. पानं गळायची थांबतात, डोकं काय चीज आहे!” सुनेने सगळे करून पाहिले. एका दुपारी ती लवंग, पुदिना आणि पट्टी यांसह अनवाणी गच्चीवर फिरली, आणि त्या वासाने तिचे डोके दुखले.

अशातच ती भानगड झाली. छापखाना दर तीन महिन्यांनी बसगाड्यांचे वेळापत्रक छापायचा. अशाच एका नागमोडी रेघेच्या दिवशी तिच्या हातून एक पान निसटले आणि पुलापलीकडे जाणारी सहा दहाची गाडी नऊ दहाची झाली. देवनागरीतले सहा आणि नऊ एकमेकांकडे पाठ करून उभे असतात; अर्ध्या डोळ्याने बघणाऱ्याला ते भाऊच वाटतात. सकाळी चाळीस माणसे सामानसुमान घेऊन थांब्यावर आली, तेव्हा गाडी जाऊन तीन तास होत आले होते.

छापखान्याच्या मॅनेजरांना सगळे कालसाहेब म्हणत, कारण कुठलेही काम कधी हवे असे विचारले की ते “काल” म्हणायचे. त्यांनी तिला बोलावले.

“तुम्ही चांगलं काम करता,” ते म्हणाले, “म्हणून एक संधी. पुढचं वेळापत्रक तुम्हीच बघा. त्यात चूक निघाली, तर मग तुम्ही आपल्या पॅकिंगच्या टेबलावर. तिथे वाचायचं काही नसतं.”

वाचायचे काही नसलेल्या टेबलाची तिला डोकेदुखीपेक्षा जास्त भीती वाटली. ती डॉक्टरकडे गेली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांना ऐकून घ्यायची सवय होती. त्यांनी तपासले, प्रश्न विचारले आणि तोंडी पुष्कळ सांगितले: पाणी भरपूर प्यायचे, जेवण चुकवायचे नाही, झोपायची-उठायची वेळ ठरलेली ठेवायची, तासा-दीड तासाने कागदावरून नजर उचलायची, कोणत्या दिवशी दुखले ते लिहून ठेवायचे. दुखणे आलेच तर अंधार, गार पाण्याची घडी आणि गोळी, पण गोळी महिन्यात मोजकीच. आणि कधी नेहमीपेक्षा वेगळे, एकदम जोराचे दुखले, हातपाय बधिर झाले किंवा बोलताना जीभ अडखळली, तर तडक दवाखाना. मग आठवणीसाठी त्यांनी एका चिठ्ठीवर एक ओळ लिहिली: “अर्धशिशी. पाणी. जेवण, झोप वेळेवर.”

सुनेने घरी येऊन ती चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि ती हातपाय धुवायला गेली.

कंपाउंडरांना चिठ्ठी दिसली. अकरा वर्षांनी घरात डॉक्टरची चिठ्ठी आली होती. त्यांनी ती उचलली, खिडकीकडे तिरकी धरली, एक डोळा बारीक केला. मी कपाटावरून बघत होते. माझ्यातल्या बटणांनीही श्वास रोखला असावा.

“अर्धी शिशी पाणी,” त्यांनी मोठ्याने वाचले. “जेवण, झोप वेळेवर. अगं, किती वेळा घ्यायचं ते लिहिलंच नाही. आजकालचे डॉक्टर!”

सून टॉवेल घेऊन दारात उभी होती. अर्धशिशी हे दुखण्याचे नाव आहे आणि त्याच्यापुढे पूर्णविराम आहे, हे सांगायला तिने तोंड उघडले. तिचा उजवा हात लाल पेन्सिल धरल्यासारखा वर आला. चूक दिसल्यावर गप्प बसणे तिच्या धंद्यात बसत नव्हते.

पण म्हातारा ताठ उभा होता. ऐंशीला आलेला माणूस इतका ताठ उभा राहिलेला मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता.

“मग किती वेळा घेऊ, बाबा?” तिने विचारले.

“चार वेळा,” कंपाउंडर म्हणाले. “मी देतो.”

बटणे वाटीत गेली. मला गरम पाण्याने दोनदा विसळले गेले. शिवणाच्या डब्यातून कात्री निघाली आणि माझ्या पाठीवर नवी कोरी पट्टी चढली. तिला एकच खाच होती, बरोबर मध्यावर. मित्रांनो, म्हातारपणी पुन्हा कामावर बोलावणे येणे ही काय गोष्ट असते, ते शब्दांत सांगणे कठीण आहे. मी उकळून गार केलेल्या पाण्याने भरले आणि मला वाटले, जगाला अजून माझी गरज आहे.

सकाळी सातची मात्रा घरी. अकराची आणि दीडची छापखान्यात. सहाची पुन्हा घरी. बुचाच्या जागी कापडाचा बोळा खुपसून आणि मला कापडी पिशवीत घालून कंपाउंडर दिवसातून दोनदा छापखान्यात जायचे. पहिल्या दिवशी कालसाहेबांनी विचारले, “हे कोण?” बाइंडर म्हणाला, “औषध आहे.”

सून प्रुफावरून उठायची, खिडकीपाशी यायची. खाचेपर्यंतचे पाणी पिऊन होईपर्यंत कंपाउंडर समोर उभे राहायचे. मग विचारायचे, “जेवलीस?”

“हे एवढं पान झालं की...”

“पान कुठे जात नाही. डबा उघड.”

ती डबा उघडेपर्यंत ते हलायचे नाहीत. ते तसे उभे असले की मशीनवाल्यांना मशीनचा आवाज कमी करावासा वाटायचा. घरीही तोच खाक्या. ठरल्या वेळी दिवा बंद. मुलगा मॅच बघत असला तर, “आवाज कमी कर. चिठ्ठीत लिहिलंय.” चिठ्ठीत आवाजाचे काही नव्हते. “उशी बदल. चिठ्ठीत लिहिलंय.” उशीचेही नव्हते. हळूहळू त्या एका ओळीच्या चिठ्ठीत त्यांना इतके दिसू लागले, की डॉक्टरीणबाईंनी वाचली असती तर त्यांनाही उपयोग झाला असता.

दुखण्याच्या दिवशी ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर शाईचा मोठा ठिपका द्यायचे. दुसऱ्या महिन्यात ते ठिपक्यांसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “शनिवार.”

“काय शनिवार?” मुलाने विचारले.

“पाचातले चार शनिवारी. शनिवारी छापखान्यात काय असतं?”

शनिवारी मशिनी धुतात, सून म्हणाली, थिनरने. तिचे टेबल मशीनच्या शेजारीच होते. पुढच्या शनिवारी बाइंडरने आणि त्याच्या मदतनिसाने तिचे टेबल उचलून दुसऱ्या टोकाच्या खिडकीशी नेले. त्या महिन्यात कॅलेंडरवर तीनच ठिपके पडले. कंपाउंडर माझ्याकडे बघून म्हणाले, “मात्रा लागू पडली.” मी नम्रपणे गप्प राहिले. तेव्हा मला त्यांचे म्हणणे पूर्णपणे पटले होते.

मग वेळापत्रक आले. एकशे चार पाने, पानभर आकडे. शहाण्णव पाने स्वच्छ गेली. आठ उरली असताना, द्यायच्या आदल्या दिवशी दुपारी, नागमोडी रेघ आली.

ती प्रूफे पिशवीत घालून घरी आली. गोळी घेतली, पडदा ओढला, कपाळावर गार पाण्याची घडी ठेवून पडली. कंपाउंडर दारात आले.

“उद्या दहाला द्यायचीत, बाबा,” ती डोळे मिटूनच म्हणाली. “आठ पानं राहिलीत.”

“कुठेयत?”

“पिशवीत.”

“तू पडून ऐक. मी हळू वाचतो. गाड्या तुला पाठच आहेत. चूक निघाली की सांग, मी खूण करतो.” त्यांनी पिशवी उचलली. “वाचायचंच तर काम केलंय मी जन्मभर.”

ते उंबऱ्यात पाटावर बसले, तिच्याकडे पाठ करून, म्हणजे बाहेरचा उजेड कागदावर पडेल आणि तिच्यावर पडणार नाही. हातात लाल पेन्सिल. मी सहाच्या मात्रेसाठी खिडकीत भरून ठेवलेली होते.

“पुलापलीकडची पहिली गाडी. नऊ दहा.”

घडीखालून आवाज आला, “सहा दहा.”

“इथे नऊ आहे. बघ, सापडली का नाही!” त्यांनी खुशीत खूण केली. “बंदरावरची पहिली. नऊ पाच.”

“सहा पाच.”

“इथेही नऊ. काय लोक आहेत!” दुसरी खूण. “टेकडीची. नऊ चाळीस.”

मग खाट करकरली. ती एका हाताने डावा डोळा झाकून भिंतीच्या आधाराने आली आणि त्यांच्या खांद्यावरून तिने पान बघितले. सगळे सहा होते. छान, ठसठशीत सहा, आणि पहिल्या दोघांभोवती लाल गोल.

छापखान्यात लाल गोल म्हणजे चूक; ती गप्प बसली असती तर सकाळी ते नऊ झाले असते. ती बोलली तर काय होईल, तेही तिला माहीत होते.

“बाबा, सहाच आहेत.”

त्यांनी पान उजेडाकडे तिरके धरले. एक डोळा बारीक केला. आणखी तिरके धरले. तसेच बराच वेळ धरून बसले.

“मला दोन्ही सारखेच दिसतात गं,” ते म्हणाले.

“कधीपासून?”

“बरेच दिवस.” मग एकेचाळीस वर्षे माप धरलेल्या माणसाने मनात काहीतरी मोजले. “म्हणजे ती चिठ्ठी...”

तिने पान त्यांच्या हातातून घेतले.

“खरं सांग. तू प्रूफवाली आहेस.”

“अर्धशिशीच्या पुढे पूर्णविराम होता, बाबा.”

“अर्धशिशी. म्हणजे दुखण्याचं नाव.”

“हो.”

“चिठ्ठीवर दुखण्याचं नाव कशाला लिहायचं? ते पेशंटला माहीतच असतं. त्यालाच तर दुखत असतं.”

“नवीन पद्धत आहे.”

“आणि इतका बारीक पूर्णविराम देतं का कुणी?” ते पाटावरच तिच्याकडे वळले. “तू तीन महिने मुकाट्याने पीत राहिलीस?”

“मात्रा चुकवायची नाही, तुम्हीच म्हणालात.”

कंपाउंडर उठले. खिडकीपाशी आले. त्यांनी मला उचलले तेव्हा माझ्या पाठीवरच्या खाचेवरून त्यांचा अंगठा फिरला. खरे सांगते, मला वाटले आता मोरीत. माझे आयुष्य एका पूर्णविरामावर उभे होते आणि तो आता दिसला होता.

“सहा वाजले,” ते म्हणाले. “ही राहिलीय.”

ती उभ्यानेच प्यायली. बरोबर खाचेपर्यंत.

“आता झोप. प्रूफं सकाळी. झोप वेळेवर, हे तरी मी नीट वाचलं होतं ना?”

“ते अगदी बरोबर वाचलं होतंत.”

सकाळी डोके उतरले होते. मुलाने लिफ्टना दोन तास जिथल्या तिथे थांबायला सांगितले आणि मूळ कागदावरून आकडे वाचायला बसला. तो प्रत्येक आकड्यापुढे मजला आल्यासारखा थांबायचा, त्यामुळे काम चोख झाले. लाल गोल तिने एकेक करून खोडरबराने पुसले. दहा वाजून पाच मिनिटांनी प्रूफे कालसाहेबांच्या टेबलावर होती. ते म्हणाले, “काल हवी होती.” पण वेळापत्रक छापून आले, गाड्या आणि माणसे एकाच वेळी थांब्यावर आली आणि तिचे टेबल खिडकीशी राहिले.

पुढच्या महिन्यात कंपाउंडर डोळे दाखवायला गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. तिथल्या डॉक्टरांनी थेंबांची चिठ्ठी दिली. ती त्यांनी सवयीने खिडकीकडे तिरकी धरली, मग सरळ केली आणि सुनेच्या हातात दिली.

“तू वाच,” ते म्हणाले. “पूर्णविरामासकट.”

ऑपरेशन झाले. आता त्यांना सहा आणि नऊ वेगळे दिसतात, आणि मुलाच्या डोक्यावरचे टक्कलही. सुनेसाठी मुलाने एक मोठी स्टीलची बाटली आणली. तिच्यावर कसलीच खाच नाही. मी पुन्हा कपाटावर आले. बटणे अजून वाटीतच आहेत, त्यामुळे थोडे रिकामे वाटते. पाठीवरची पट्टी एका कडेने सुटली आहे. ती कुणी काढू नये, एवढीच माझी विनंती आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचे डोके दुखत असेल, तर उपाय सुचवायची घाई करू नका. आधी पडदा ओढा, आवाज कमी करा, जेवलीस का ते विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत तिथेच उभे राहा. दुखणे नेहमीसारखे वाटले नाही, तर डॉक्टरकडे जा, शिशीकडे नको. आणि जुन्या शिशा टाकू नका, त्या कधी कामी येतील सांगता येत नाही.

माझ्यात एकशे ऐंशी मिली मावते. अर्धी म्हणजे नव्वद. चार वेळा म्हणजे दीड पेला. डॉक्टरीणबाईंनी दिवसाला आठ पेले सांगितले होते. बाकीचे साडेसहा ती छापखान्याच्या नळाचे प्यायची.